पडदेवाली होडी

१६ मार्च, रविवार
बायको, नेलिदा, आठ महिने तिच्या आईकडे आहे. आयलेनलाही घेऊन गेलीय. भांडण नाही, नुसता हवापालट. पण मुलगी बारा वर्षांची झाली, रविवारी बापाबरोबर पलीकडच्या बेटावर नको का जायला? रोसारियोसारख्या नदीकाठच्या शहरात राहून होडी नाही, म्हणजे शोभाच. ठराव: सेकंडहँड होडी घ्यायची. महिन्याभरात दोघी घरी.

१८ मार्च, मंगळवार
होड्यांच्या क्लबात दोन विकाऊ आहेत. एक लाकडी, उघडी, सपाट बुडाची. दुसरी केबिनवाली: खोल बूड, आत टॉयलेट, खिडक्यांना पडदे. मेकॅनिक एउसेबिओ म्हणाला, "कॅप्टन, नदी आटलीय. सपाट घ्या, दुसरी वाळूत बसेल."
मला कॅप्टन म्हणाला! माणसाची पारख आहे. होड्यांची नाही.

१९ मार्च, बुधवार
नेलिदाला फोन. कुठली घेऊ? "तुला हवी ती घे, मला कशाला विचारतोस?" पूर्ण विश्वास! तीस तारखेला येते म्हणाली. बोलायचंय म्हणे. परत यायचंच असणार, दुसरं काय?

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी सातला दाढी करताना रेडिओ. बंदरोबंदरी पाणी किती, ते वाचत होते. "पाराना, तीन मीटर दहा." आपल्या नदीचं नावच पाराना! एवढं पाणी, आणि आटलीय म्हणे. केबिनवाली पक्की करून आलो. एउसेबिओने कपाळाला हात लावला. जळतात लोक.

२९ मार्च, शनिवार
कोळसा, सॉसेज, थर्मास तयार. पडदे स्वतः धुतले. आयलेनला गुलाबी लाइफजॅकेट.

३० मार्च, रविवार, रात्री
जॅकेट तिच्या छातीवर बसेना. कधी वाढली एवढी?
बेट समोर दिसत होतं आणि धप्प. वाळूत. रेडिओवरचं पाराना म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचं पाराना नावाचं शहर. रोसारियोचा आकडा त्याच्यानंतर येतो. तेव्हा मी तोंड धूत होतो.
तीन तास अडकलो. नेलिदा म्हणाली, "बरं झालं. आज तरी तुला मधेच उठून जाता येणार नाही. ऐक." दोघी लांब नेउकेनला चालल्यात, तिच्या भावाजवळ. नोकरी लागली, शाळाही ठरली. मी म्हटलं, पाणी चढेल गं. "मी पाण्याचं बोलतच नाहीये रे!" म्हणाली.
आयलेनला विचारलं, तुला इथंच राहायचंय ना? ती म्हणाली, "पपा, मी चारदा सांगितलं फोनवर. तू होडीचंच बोलत होतास."
एक कोळी आला. दोघी गुडघाभर पाण्यातून त्याच्या होडीत जाऊन बसल्या. चल म्हणाल्या मला. होडी टाकून कसा येणार, म्हटलं. एउसेबिओने अंधार पडताना ओढून काढली.

३१ मार्च, सोमवार
ठराव: फोन करायचा, होडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.
आयलेनने उचलला. शाळेचं विचारलं, हवेचं विचारलं. दोघींशिवाय मला राहवत नाही, एवढं म्हणायचं होतं. मग तिनेच विचारलं, "पपा, होडी निघाली का?"
निघाली, म्हटलं.