‘पडला’च्या पुढचा शब्द

ता. ११ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी गुडघा कसा आहे ते कळव. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटलंय आणि तू गच्चीवर कपडे वाळत घालतेस, हे शेजारच्या नर्सबाईंनी मला फोनवर सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

आता बातमी. मार्शलवर मोठा सिनेमा होतोय आणि त्याचे संवाद तुझी ठकी लिहितेय! त्याचं सत्तेवर येणं, धरपकड, तुरुंग, आणि शेवटी अंथरुणात आरामात मरणं, सगळं आहे. आणि मावशी, त्यात तू आहेस. मार्शलच्या तसबिरीपुढे तोंड उघडलं म्हणून लॉन्ड्रीतली एक बाई तुरुंगात गेली, एवढं दिग्दर्शकांनी ऐकलं होतं. ती माझी सख्खी मावशी म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. कोर्टात तुझं स्वातंत्र्यावर चांगलं पानभर भाषण हवं, असं त्यांचं म्हणणं. लिहिलंय, सोबत पाठवते. तुझ्या होकाराशिवाय एक ओळ पुढे जाणार नाही.

आई बरी आहे. रोज तुझी आठवण काढते आणि रोज तुझ्याशी भांडायचं ठरवते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठकी


ता. १९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा जागेवर आहे. नर्सबाईंशी मी सध्या बोलत नाही.

भाषण वाचलं. छान आहे, पण ही बाई कोण? एवढं बोलता आलं असतं तर मी लॉन्ड्रीत इस्त्री कशाला ओढत बसले असते? खरं काय झालं ते ऐक. आमच्या वाफेच्या यंत्रावर भिंतीला मार्शलची तसबीर होती. वाफेने भिंत कायम ओली, खिळा धरेना, तसबीर सारखी खाली यायची. त्या दिवशी पडली ती थेट धुतलेल्या चादरींच्या टोपलीत, काचेसकट. सगळ्या चादरी पुन्हा धुवायच्या! मी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, ‘पडला मेला!’

मी तेव्हा सगळ्यांनाच म्हणायची. नळ मेला, इस्त्री मेली, घामाने चिकटणारं पोलकं मेलं. पण आमच्या मुकादमाला दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम ऐकू आला. पडला, मेला. झालं, मार्शल मेल्याची अफवा पसरवते म्हणून मला उचललं.

कोर्टात सगळा खल त्या स्वल्पविरामावर. नसेल तर अपमान, असेल तर अफवा. मला विचारलं, तर मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं पडेल ते धरा. मग सुटकेसाठी एक कागद पुढे केला. ‘माननीय मार्शलसाहेब खाली आले’ असं आपण म्हणालो होतो, अशी सही करायची. ऐकून मला हसूच फुटलं. सही केली नाही. माझी मर्दुमकी म्हणशील तर एवढीच.

तुझे काका भेटीला यायचे. सही कर असं एकदाही म्हणाले नाहीत. मी आत असतानाच ते गेले. त्यांच्यासाठी मी ‘गेले’ म्हणते बघ. दुसरा शब्द त्या दिवसापासून एकट्या मार्शलसाठी राखून ठेवलाय. आमच्या बोक्यालाही तो मिळत नाही, आणि बोका काही कमी नालायक नाही.

तेव्हा भाषण काढ आणि माझे दोन शब्द घाल. नाहीतर मला सिनेमातून काढ.

आईला म्हणावं, भांडायचं तर इथे ये. सुखी राहा.
मावशी


ता. २ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच लिहिलं, तसंच चित्रित झालं. तुझं काम करणारी नटी मुळात फार गोड बोलते. तिला तो शब्द नीट तुसडेपणाने म्हणता यावा म्हणून मी आठवडाभर तिच्यामागे लागले. शेवटी ती जेवणाच्या डब्यालाही मेला म्हणायला लागली.

आता वाईट बातमी. सेन्सॉर मंडळावर मार्शलचा जावई बसलाय. आधी म्हणाले, सिनेमात सगळ्यांनी मार्शलला अहो-जाहोच करायचं. मार खाणाऱ्या कैद्यानेही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, संस्कृती सर्वांना सारखी. दिग्दर्शक हटून बसले, तेव्हा ते सोडलं. पण तुझ्या शब्दावर गाडी अडली ती अडलीच. मी विचारलं, मार्शल हयात आहेत का? नाहीत ना? मग हा शब्द खोटा कसा? त्यावर सगळे छताकडे बघायला लागले. तो शब्द काढा, नाहीतर सिनेमा डब्यात, एवढंच उत्तर मिळालं.

मावशी, मी काढला. तो एक शब्द गेला तर कोठड्या, छळ, रात्रीतून नाहीशी झालेली माणसं, सगळं पडद्यावर येतंय. जागा मात्र मोकळी ठेवलीय. संगीतवाल्यांना तिथे ढोल बडवायचा होता, मी रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसले. नटी ‘पडला’ म्हणते, मग नुसते ओठ हलतात. कसलाही आवाज नाही.

शुक्रवारी तुमच्या चौकातल्या थिएटरात लागतोय. जा. मग माझ्यावर हवं तेवढं चीड.

लोभाची आशा ठेवायला जीव धजत नाही, तरी ठेवते.
ठकी


ता. ६ मे

चि. ठकीस,
आशीर्वाद.

मी कोठडीत राहून जो शब्द सोडला नाही, तो तू खुर्चीत बसून सोडलास. मोकळी जागा ठेवली म्हणे! माझ्या तोंडात बोळा कोंबायला तेव्हा मार्शल होता, आता माझीच भाची आहे. त्याच्या जावयापुढे शेपूट घातलंस आणि वर मलाच थिएटरात बोलावतेस. मी येणार नाही.

लोभ तूर्त बंद.
मावशी


ता. १० मे

चि. ठकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

गेले होते. नर्सबाईंनी तिकिटं काढून आणली आणि दारात उभ्या राहिल्या. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, तर म्हणाल्या, गच्चीपेक्षा थिएटर खाली आहे.

सबंध वेळ तोंड मिटून बसले होते. माझं तोंड तुम्ही बंद केलंत ना, मग बंदच, असा माझा हट्ट. मार्शल करणारा नट चांगला आहे, मला दोनदा भीती वाटली. मग लॉन्ड्री आली. तीच वाफ, तीच ओली भिंत. खिळा सुटला, तसबीर चादरींत गेली. नटीने कपाळावर हात मारला, म्हणाली ‘पडला’, आणि ओठ हलले. थिएटरात चिडीचूप.

मागच्या रांगेतून कुणा म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला, ‘मेला!’

मग बाल्कनीतून एका बाईचा. मग डावीकडून, उजवीकडून, अख्खं थिएटर, ठकी! कुणी शिवी म्हणून म्हणत होतं, कुणी बातमी म्हणून. स्वल्पविराम कुठेच सापडला नसता. चिडलेल्या बाईच्या ‘पडला’पुढे दुसरं काय येणार, हे आपल्या माणसांना शिकवावं लागत नाही. हे तुला आधीच ठाऊक होतं ना, लबाडे? नर्सबाई तर खुर्चीवरून उठून ओरडल्या. मी एकटीच गप्प होते. मला ऐकायचं होतं. ऐकता ऐकता खूप रडले, आणि तुझे काका शेजारी हवे होते असं फार वाटलं.

आता म्हणे प्रत्येक खेळाला तसंच होतंय. जावईबापू चौकशी करताहेत. करू देत. सिनेमातून काय कापतील, शांतता? तुला बोलावलं तर सांग, मी तुमचं तंतोतंत ऐकलं. आणि कागद पुढे केलाच तर सही कशी करायची नाही, ते मी शिकवीन. आईला घेऊन ये.

परवाचं पत्र फाडून टाक. लोभ होता त्याहून चार पट आहे.

घरी आले तर बोक्याने दूध सांडून ठेवलेलं. म्हटलं, सांडलंस ना, मेल्या? इतक्या वर्षांनी. तो दचकलाच.

तुझी,
मावशी