चौदावी पायरी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही. सुरुवात खात्रीच्या गोष्टींपासून. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: घराचं गेट. वरच्या मजल्यावर जाणारा लोखंडी जिना, पायऱ्या चौदा. बायको रत्नाचं कपड्यांचं कपाट, पत्रा वीस गेज. माझी आरामखुर्ची, उजवा हात डाव्यापेक्षा सव्वा इंच रुंद, चहाच्या कपासाठी. आळीतल्या वाचनालयाची सगळी रॅकं. यातलं काहीही कुणाकडे शिकलो नाही. दहावीत मी शाळा सोडली. शाळेने मला सोडलं असं भोरात काही लोक सांगतात, ते चूक आहे.

वाचनालयात उंच पुस्तकं रॅकात उभी राहत नाहीत, आडवी घालावी लागतात. ग्रंथपाल नीरजाताई हे दर वेळी बोलून दाखवतात. मी दोन खणांत नऊ इंच अंतर ठेवलंय, सूतभर इकडेतिकडे नाही. पुस्तकंच वाटेल त्या उंचीची छापतात.

संकल्प: गुरुवारी वीज नसते, वर्कशॉप बंद. दर गुरुवारी एक कादंबरी. मत या वहीत. चुका मात्र पुस्तकातच, समासात, पेन्सिलीने. पुढच्या वाचकाची फसवणूक होता कामा नये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

'बंद कपाटाचा साक्षीदार'. रहस्यकथा. खुनी एका साडेपाच फुटी सावकाराला स्टीलच्या कपाटात कोंबतो आणि दार 'अलगद' लावतो. शक्य नाही. मधली फळी काढली तरी खाली लॉकर असतो. लेखकाने जन्मात कपाट उघडलेलं दिसत नाही. समासात लिहिलं: 'आधी माप घ्या.'

दुपारी ४.१५. खात्रीसाठी रत्नाच्या कपाटात बसून पाहिलं. बसता येतं. दार अलगद लागतं. आतून उघडत नाही. बावीस मिनिटं. रत्ना खाली आली, दार उघडलं, म्हणाली, अगं बाई, मला वाटलं उंदीर हाय. मग माझ्या साड्या कुठं टाकल्या ते विचारलं. माणूस कसा आहे ते नंतर.

निष्कर्ष: हे कपाट मी केलेलं, म्हणून माणूस मावला. बाजारच्या कपाटात मावला नसता. समासातलं वाक्य कायम.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुणा ज्ञानू भोंगवलीहून तांदूळ घेऊन आला. जिना चढताना वरच्या शेवटच्या पायरीला ठेचकाळला. निम्मा तांदूळ जिन्यात. चपलेचा अंगठा सैल होता, तसं सांगितलं. म्हणाला, दाजी, मागल्या खेपंला बूट घालून आलो हुतो, तवाबी हितंच आपटलो. म्हटलं, मग तू पाय उचलत नाहीस.

अकरा वर्षांत त्या पायरीला अडखळलेले: ज्ञानू (प्रत्येक वेळी), गॅसवाला, मीटरवाला, मधुवंतीबाई. एकाचंही पायताण धड नाही. मी स्वतः कधीमधी अडखळतो, पण मी विचारात असतो. रत्ना दिवसातून दहा वेळा चढते, एकदाही अडखळलेली नाही. जिना बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मधुवंतीबाई म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या. रत्नाची शिलाई मशीन वर आहे, त्या ब्लाऊज शिवायला येतात. एका ब्लाऊजच्या मापाला दीड तास. तेवढ्यात मी आख्खं गेट मोजतो. वरून हसण्याचे आवाज येत असतात. ब्लाऊजच्या मापात एवढं हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

'तळपत्या टापा'. ऐतिहासिक. पृष्ठं ५१२, रॅकात आडवी. स्वार मार्गासनीला भाकरीचा तुकडा तोंडात टाकतो आणि तो गिळायच्या आत वेल्ह्यात हजर. थाप. समासात लिहिलं: 'घोडा की जेट?'

आज मोटारसायकलवर प्रत्यक्ष प्रयोग. मार्गासनीच्या थांब्यावर भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि निघालो. वेल्हे आलं तरी तुकडा गिळला गेला नव्हता. परंतु ती भाकरी कालची होती, आणि मी रविवारचा पेन्सिल घेऊन कुठे चाललोय हे कळल्यावर रत्नाने दिलेली होती. प्रयोग ग्राह्य धरलेला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

'तुझ्या चुकीच्या पत्त्यावर'. प्रेमकथा. बिनकामाची. ती घर बदलून गेलेली, हा वीस वर्षं जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकतो. पोस्टमन ती सगळी बुटाच्या एका खोक्यात जपून ठेवतो म्हणे. महिन्याला दोन धरली तरी चारशे ऐंशी पत्रं. बुटाचं खोकं, नंबर आठ. मावत नाहीत.

पान २०६ वर, पोस्टमन खोकं तिच्या हातात देतो तिथे, माझ्या डोळ्यात ग्राइंडिंगचा कीस गेला. रत्नाने विचारलं, अवो, रडताय का? म्हटलं, कीस. म्हणाली, आज गुरुवार हाय, मशीन कुठं चालू हाय? मी म्हटलं, कालचा असेल. ती म्हणाली, द्या हिकडं ते पुस्तक, माज्याबी डोळ्यात जाऊ दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नीरजाताईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, गोरखराव, पुस्तकं वाचनालयाची आहेत, तुम्ही समासात काय लिहिता? मी म्हटलं, जे खरं आहे ते. त्या म्हणाल्या, लोक ते वाचून हसतात. हे मला माहीत नव्हतं. 'तळपत्या टापा' माझ्यानंतर चार जणांनी नेलं, त्याआधी तीन वर्षांत एकाने. समीक्षेला भोरात वाचक आहे.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. मधुवंतीबाईंनी कादंबरी लिहिली आहे, पहिलीच. १४ डिसेंबरला वाचनालयात चर्चा. वक्ता म्हणून लेखिकेने स्वतः माझं नाव सुचवलं. मला आश्चर्य वाटलं नाही. भोरच्या जाणत्या लोकांसमोर बोलायची अशी संधी मला पन्नाशीत मिळतेय, एवढंच आश्चर्य.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

'मंगळावरची तिसरी पाळी'. विज्ञानकथा. मंगळावर दोघं वेल्डिंग करतात, गॉगल न लावता. डोळे मंगळावरही जातात. पान ९ वर थांबलो. मत पक्कं.

४ डिसेंबर, गुरुवार

मधुवंतीबाईंची 'काटकोनातला माणूस'. पृष्ठं २२८. नायक दत्तू फिटर, छोट्या गावात वर्कशॉप. सगळं स्वतःच्या हाताने करतो आणि सगळ्या जगाच्या चुका काढतो. पाहुण्याकडे जेवायला गेला तरी खिशातून टेप काढून पाट मोजतो. लग्नात नवरदेवाला सांगतो की मांडव ओळंब्यात नाही. बायको बिचारी सगळं हसण्यावारी नेते.

मत: लेखिकेची भाषा बरी. पण माणूस अतिशयोक्त. इतका हटवादी इसम वास्तवात असूच शकत नाही. बायकोबद्दल वाईट वाटलं. त्याच्या खुर्चीचा एक हात चहासाठी रुंद दाखवलाय, तेवढा एक तपशील अचूक. माझ्याही खुर्चीला आहे, म्हणजे पद्धत शास्त्रशुद्ध.

सर्वांत मोठी चूक पान १३१. दत्तूच्या घरच्या जिन्याची शेवटची पायरी दीड इंच जास्त उंच. येणारा-जाणारा तिथे ठेचकाळतो, आणि दत्तू अकरा वर्षं लोकांच्या चपलांना नावं ठेवतो. हद्द झाली. समासात लिहिलं: 'अशक्य. हाडाचा कारागीर दीड इंच झोपेतही ओळखतो.'

एकूण चुका तेवीस.

रत्नाने पुस्तक माझ्याआधीच वाचलेलं निघालं. तिने विचारलं, त्यो दत्तू कुनासारका वाटतो का वो? प्रामाणिकपणे विचार केला. थोडा ज्ञानूसारखा. पण दत्तू डावखुरा आहे, ज्ञानू नाही. रत्ना पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

११ डिसेंबर, गुरुवार

भाषण तयार. बावीस मिनिटं. तेवीस चुका, चढत्या क्रमाने, शेवटी जिना. आरशासमोर तीनदा म्हटलं. रत्ना दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, सगळं बोला, पन जिन्याचं तेवढं गाळा की. मी म्हटलं, तोच मुख्य मुद्दा आहे. म्हणाली, गाळा म्हंते ना मी. का म्हणून विचारलं तर शर्टाला इस्त्री करून दिली.

बायकांना समीक्षेतला कळस कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०

खुर्च्या चाळीस, माणसं सदतीस. मी केलेल्या रॅकांसमोरच बसलो. पहिल्या चुकीला हशा. दुसऱ्या चुकीला मोठा हशा. दत्तू पाट मोजतो ते सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांनी डोळे पुसले. एवढा प्रतिसाद मला अपेक्षित नव्हता. विनोदाची देणगी आपल्यात आहे हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

मग जिना. आवाज चढवला. म्हटलं, ज्याला स्वतःच्या हातची दीड इंचाची चूक अकरा वर्षं दिसत नाही, असा कारागीर भूतलावर नाही! असला तर मला दाखवा!

कुणीच हसलं नाही. सगळे मान वळवून रत्नाकडे पाहायला लागले. रत्ना खाली बघत होती. मागच्या रांगेतून ज्ञानू म्हणाला, दाजी, घरला जाऊन एकदा टेप लावा. मग मात्र सगळे हसले. मधुवंतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

बावीस मिनिटांचं भाषण एकोणीस मिनिटांत संपलं.

घरी आल्यावर रत्ना वर गेली. मी जिना चढलो नाही. खालीच बसलो आहे. टेप समोरच्या खिळ्याला आहे.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

पायरी १ ते १३: प्रत्येकी आठ इंच.
पायरी १४: साडेनऊ इंच.

६.५५. पुन्हा. साडेनऊ.

७.०५. दुसरा टेप. साडेनऊ.

कारण सापडलं. जिना मी बसवला तेव्हा वरची फरशी बसायची होती. माप कोब्यापर्यंत घेतलं. फरशी नंतर आली, खालच्या मालासकट दीड इंच. नवशिक्या पोराला मी हेच सांगतो: आधी फरशी, मग जिना.

मान वर केली तर रत्ना वरच्या दारात उभी. म्हणाली, झालं माप? विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, पयल्या दिवसापासनं. तितं आलं की म्या पाय जरा उचलून टाकते. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी लोकांच्या चपलांना बोलत हुता, ते बरं हुतं. घरात एक जिना तरी तुमच्या मनासारका असू दे म्हनलं.

मधुवंतीबाईंना तूच सांगितलंस का, हे विचारलं. म्हणाली, मी कशाला सांगू, त्या सवता आपटल्या. चारदा.

म्हटलं, आजच कापून सरळ करतो. ती म्हणाली, अजाबात न्हाई. अकरा वर्सांची सवं हाय पायाला. सारका केला तर मीच पडंन.

१८ डिसेंबर, गुरुवार

वाचनालयात गेलो. खोडरबर स्वतःचा नेला. पान १३१ वरचं 'अशक्य' खोडलं. नीरजाताई म्हणाल्या, राहू द्या हो गोरखराव, लोक तेवढ्यासाठी पुस्तक नेतात. नंबर लागलाय. तरी खोडलं. खुणा राहिल्या. पेन्सिल दाबून लिहायची सवय आहे.

कपाटाच्या पुस्तकातलं 'आधी माप घ्या' मात्र ठेवलं. खाली सही केली नव्हती, ती केली.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी १२

सकाळी मधुवंतीबाई आल्या. चौदाव्या पायरीला व्यवस्थित पाय उचलला. वर जाऊन मशीनजवळ न बसता खाली येऊन माझ्यासमोर बसल्या, माझ्याच आरामखुर्चीत. चहाचा कप खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवला. रागावलात का, म्हणाल्या. म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, दत्तूला मी वाईट लिहिला नाही, मला तो आवडतो. म्हटलं, पान २१० वरून तसं वाटतं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. छापायच्या आधी त्यातला बारीकसारीक तपशील मी तपासून द्यावा, तुमच्याइतकं नेटाने कोण वाचणार, असं म्हणाल्या. मानधनाचं पाकीट टेबलावर ठेवलं.

त्यांना सांगितलं नाही, पण मंगळवार ते शनिवार मी रत्नाकडच्या प्रतीतून पुस्तक पुन्हा वाचलंय. टेप हातात घेऊन, घरभर फिरून. खुर्ची, गेट, कपाट, रॅकांचे खण, माझी बोलण्याची पद्धत. मी चुका म्हटलेल्या तेवीसच्या तेवीस गोष्टी बरोबर निघाल्या. दत्तू डावखुरा, एवढाच फरक, आणि तो त्यांनी माझ्यावर दया म्हणून केलेला असावा.

पाकीट परत केलं. म्हटलं, या पुस्तकात तपासायला काही नाही. नाकारलेली रक्कम: रुपये तीन हजार फक्त.