खच्ची कोंबडा आरवला

५ फेब्रुवारी १९३६, बुधवार

प्रिय बर्तुसदादा,

सप्रेम नमस्कार. तू, नेलावहिनी आणि खुराड्यातली सगळी मंडळी थंडीत धडधाकट असाल अशी आशा आहे. वहिनीने पाठवलेले सॉसेजचे पाव पोचले. मी एक खाल्ला, बाकीचे प्रयोगशाळेतल्या लोकांनी फस्त केले आणि वर मलाच विचारलं, एवढेच का? इकडे मी मजेत आहे. घरमालकीणबाई अजून अधूनमधून विचारतात, लग्नाचं वय उलटून चाललं तरी दिवसभर कोंबड्यांत काय करतेस. मी म्हणते, बाई, कोंबडे निदान रश्श्यात मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं करत नाहीत.

एक आनंदाची बातमी. तुऱ्यांची खोली आता संपूर्ण माझ्या ताब्यात आहे. टोचायचं मी, तुरे मोजायचे मी, आणि औषधाचा जोर किती त्याच्या कागदावर सहीही माझीच. आमचे डॉक्टर टेरस्तेख तुला माहीत आहेत, उत्तरेकडचे प्रोटेस्टंट, हसायच्या आधी स्वतःचीच परवानगी घेणारे. ते आता पाहुण्यांना माझ्याकडे आणतात आणि सांगतात, "ह्या खोलीच्या राणी."

परवा अॅमस्टरडॅमहून काही बडे डॉक्टर आले होते. टेरस्तेखसाहेबांनी नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. कत्तलखान्यातून गाड्या भरभरून वळूंची वृषणं येतात, महिनाभर आटवून, गाळून त्यांतून पुरुषत्व देणारा चिमूटभर अर्क निघतो. तो अर्क खरा की नुसता दुर्गंध, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. ते सांगतो खच्ची कोंबडा. अर्क तेलात मिसळून त्याला टोचायचा. त्याचा फिकट, सुकलेला तुरा लाल होऊन वाढला, तर औषध खरं. जितका वाढला, तितका त्याचा जोर. "आणि ह्या पिंजऱ्यात," साहेब हात लांब करून म्हणाले, "नुसतं तेल टोचलेले पक्षी आहेत. ह्यांचे तुरे तसूभरही वाढत नाहीत."

दादा, तेवढ्यात त्या तेलाच्या पिंजऱ्यातला एक जण ताठ उभा राहिला आणि आरवला. अगदी छाती फुगवून, गळा ताणून! खच्ची कोंबडा! मग सगळ्यांनी नीट वाकून पाहिलं, तर तुराही चांगला लालबुंद. अॅमस्टरडॅमच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "साहेब, हे तेल कुठल्या दुकानात मिळतं? मला एक बाटली घरी न्यायचीय." सगळे पोट धरून हसले. आमच्या साहेबांचा चेहरा त्या तुऱ्यापेक्षा लाल झाला.

पाहुणे गेल्यावर ते माझ्या अंगावर आले. "एकतर तुम्ही पिंजरे बदललेत, नाहीतर तुमच्या भावासारखेच खच्ची पक्षी पुरवणाऱ्या त्या फान खेस्तलने अर्धवट काम करून पक्षी पाठवलाय." पिंजरे बदलायला मी झोपेत काम करत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पक्षी उघडून पाहिला. पाठीच्या कण्याला चिकटून वृषणाचा एक कण राहून गेलेला होता, तो वाढून चांगला वाटाण्याएवढा झाला होता. साहेब म्हणाले, "फान खेस्तलच! त्याचे पक्षी आजपासून बंद." असो. कामाचं पुराण पुरे.

बकरी व्याली का? खुराड्याचं छप्पर दुरुस्त झालं का? आणि तुझी नजर कशी आहे? नाताळात तू कॉफी कपाबाहेर ओतलीस आणि मांजरीला शिवी दिलीस. मांजर तेव्हा खोलीत नव्हती, दादा. चाकूच्या कामाला तू आता दिवा जवळ घेतोस ना? मला हे जरा नीट कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी
द्रीका

~

११ फेब्रुवारी, मंगळवार

द्रीके,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मी स्वतः दिव्यापाशी बसून वाचलं आणि हे उत्तरही मीच लिहितोय, नेला चुलीपाशी बडबड करतेय तिच्याकडे लक्ष न देता.

हसून हसून माझी पाठ धरली गं पोरी! फान खेस्तलचा कोंबडा आरवला! तो माणूस कोंबडे खच्ची करतो की बटाटे सोलतो, हे मी केव्हापासून विचारतोय. एवढी भली मोठी चीर मारतो की आत चर्चमधला सगळा गायकवृंद बसेल, आणि तरी जे काढायचं ते आतच ठेवतो. बरं झालं साहेबांना एकदाचं कळलं. मी गावात सगळ्यांना सांगितलं. मठातल्या सिस्टरलासुद्धा सांगणार होतो, नेलाने कोपराने ढोसलं.

तुझ्या साहेबांना माझ्या नावाने सांग, बर्तुसच्या हाताखालून गेलेला एक पक्षी जरी आरवला ना, तर मी स्वतः चर्चच्या शिखरावर चढून, रविवारी, सगळ्या गावासमोर आरवेन. दोन बरगड्यांच्या मध्ये एवढीशी चीर, आत आकडा, एक हिसका, संपलं. पक्षी उठतो आणि दाणे टिपायला लागतो. तुलाही मीच शिकवलंय, विसरली नसशील. तू पहिल्यांदा पक्षी धरलास तेव्हा रडलीस, आणि दुसऱ्यांदा मलाच म्हणालीस, "दादा, सरक, मला नीट दिसत नाहीये."

आता फान खेस्तल बाद झाला, तेव्हा सगळे पक्षी माझ्याकडूनच घ्यायला लाव. नवी खेप तयार आहे, येत्या आठवड्यात पाठवतो. बकरी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही माद्या. छप्पर ठीक केलं. बाकी सगळं ठणठणीत. कार्निव्हलला ये, नेला तुझ्यासाठी पॅनकेक करणार आहे.

तुझा दादा
बर्तुस

~

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय नेलावहिनी,

हो, आज तुझंच नाव आधी. मागचं पत्र दादाने स्वतः लिहिलं म्हणे. अक्षर तुझं आहे, वहिनी. सिस्टरांच्या शाळेतलं गोल, रेघ न सोडणारं. दादाचं अक्षर वाऱ्यात वाकलेल्या पिकासारखं असतं, ते मी लहानपणापासून ओळखते. आणि बकरीचं उत्तर आलं, छपराचं आलं, नजरेचं नाही आलं. म्हणजे माझी पत्रंही त्याला तूच वाचून दाखवतेस आणि नजरेचा भाग तू वाचलाच नाहीस. मी तुझ्यावर रागावलेली नाही. त्याचं मन राखायला मीही तेच केलं असतं. मागच्या पत्रात मीही तेच केलं. पण आता हे पत्र सगळं वाच. एकही ओळ गाळू नकोस. मध्येच तो उठून खुराड्याकडे जायला लागला, तर त्याला कॉफी दे, बसव आणि पुढे वाच.

दादा, आरवलेला कोंबडा तुझा होता.

त्याच्या पायात तुझं पिवळं कडं होतं. कड्याकडे साहेबांचं लक्ष गेलं नाही, माझं गेलं. कडं नसतं तरी मी ओळखलं असतं. चीर एवढीशी, सरळ, केस ठेवावा तशी भरून आलेली. अशी चीर आपल्या भागात दुसऱ्या कुणाला जमत नाही. बाहेरचं सगळं काम तुझ्या हाताचं होतं. आत मात्र तू चाचपडत होतास. आकडा कुठे बसतोय, पूर्ण निघालं की तुकडा राहिला, हे पाहायला डोळे लागतात, आणि ते तुला दिसत नव्हतं.

मला वाटलं, एखादा पक्षी चुकतो. म्हणून त्याच खेपेतले आणखी काही उघडले. बऱ्याच जणांत तेच. आता ऐक, हे का मोठं आहे. औषध टोचलेल्या पिंजऱ्यातही तुझे पक्षी होते. त्यांचे तुरे थोडे औषधाने वाढले आणि थोडे त्यांच्या स्वतःच्या जोरावर. मी दोन्ही मिळून मोजलं आणि औषध जोरदार आहे म्हणून सही केली. ते औषध इस्पितळात जायला निघालं होतं. तिथे एक तरुण सुतार आहे, क्षयामुळे त्याची दोन्ही वृषणं काढावी लागली. त्याने डॉक्टरांना पत्रातून एकच विचारलं होतं, मला पुन्हा दाढी कधी करावी लागेल? त्या पोराला आम्ही पाणचट औषध टोचलं असतं. महिनोन्महिने तो आरशात गाल चोळत बसला असता आणि म्हणाला असता, माझंच नशीब फुटकं.

गप्प बसणं सोपं होतं. साहेबांनी फान खेस्तलला दोषी ठरवून टाकलंच होतं. तू गावभर सांगूनही मोकळा झाला होतास. पत्र वाचताना मला हसूही आलं. मी फक्त पिवळी कडी काढून कचऱ्यात टाकायची होती. तीन दिवस मी त्या कड्यांकडे पाहत राहिले, हे तुझ्यापासून लपवत नाही.

काल साहेबांच्या खोलीत गेले आणि कडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे पक्षी फान खेस्तलचे नाहीत. बर्तुसचे आहेत. औषध परत मोजावं लागेल, माझी सही मी मागे घेते."

साहेबांनी एक कडं उचलून दिव्यापाशी धरलं. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तो तुमचा सख्खा भाऊ आहे."

"म्हणूनच बोलतेय. दुसऱ्याच्या हाताची मला एवढी खात्री देता आली नसती."

"त्याचे पक्षी मला बंद करावे लागतील."

"करा. त्याचे डोळे बरे होईपर्यंत. आणि इथून पुढे कुणाचीही खेप आली, तरी त्यातले काही पक्षी मी आधी उघडून पाहणार. फान खेस्तलचे, आणखी कुणाचे, आणि पुढे माझ्या भावाचेही."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू आता मीच आरवणार होते. मग म्हणाले, "ठीक आहे. फान खेस्तलला मी स्वतः पत्र लिहितो. माफीचं." प्रोटेस्टंट असले तरी माणूस सरळ आहे.

तिथून बाहेर आले आणि तुऱ्यांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. कोंबड्यांसमोर. ते कुणाला सांगत नाहीत.

आता तुझं. ती नवी खेप पाठवू नकोस. चाकू वहिनीकडे दे, तिने तो कपाटात ठेवावा आणि किल्ली स्वतःजवळ. कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारनंतर मी बसने येते आणि तुला नाय्मेखनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते. मी त्यांना लिहिलंय. तुझी लक्षणं सांगितली, ते म्हणतात मोतीबिंदू असणार, आणि तो काढता येतो. काढल्यावर बरेच दिवस डोकं न हलवता, न बोलता उताणं पडून राहावं लागतं. वहिनी, तुझ्या आयुष्यातले ते सगळ्यात शांत दिवस असतील, हौसेने घे.

नाही म्हणू नकोस, दादा. पहिल्यांदा पक्षी धरला तेव्हा मी रडत होते, तेव्हा तू मला सोडून दिलं नव्हतंस. "डोळे उघड आणि नीट बघ," म्हणालास. मी अजून तेच करते आहे. तुझ्याबाबतीतही तेच करावं लागलं. तू चिडशील, कदाचित मला घरात पाऊल ठेवू देणार नाहीस. तरी मी येणार. दार उघडलं नाहीस तर खुराड्यात बसेन, तिथली वाट मला ठाऊक आहे.

आणि चर्चच्या शिखरावर आत्ता चढू नकोस. जिना अंधारा आहे, पायऱ्या दिसणार नाहीत. ते वचन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी राखून ठेवते.

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर हे पत्र एकदा तू स्वतः वाच. वहिनीने कुठली ओळ गाळली होती का, ते मला तुझ्या त्या वाकड्या अक्षरात कळव.

आजवर ज्यांच्यापुढे तुझं नाव मान उंच करून घेतलं, त्यांच्यापुढे कालही मान न झुकवता ते घेणारी,

तुझी धाकटी बहीण
द्रीका