बाहुल्या आवरायच्या नाहीत

२१ फेब्रुवारी १९६९, शुक्रवार

मामींनी आज माझ्या हाताचं माप घेतलं. बांगड्यांचं! मी जॉमेट्रीचं प्रमेय पाठ करत बसले होते. आल्या, माझा हात ओढला, मनगटाभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि चालू पडल्या. "कशाला?" विचारलं तर म्हणे, "असू दे."

असू दे काय असू दे! जहांआराने स्वयंपाकघरातून सगळी खबर काढून आणली. मामूंची मुलगी ती, तिला कोण हाकलणार? मुलखाकडच्या मैमुनाबींचा मुलगा लियाकत म्हणे. बहरैनला क्लार्क आहे. सुट्टीवर आलाय, इथून जवळच उम्म अल कुवैनला चुलत्याकडे उतरलाय, आई पण तिथेच. सुट्टी संपायच्या आत निकाह. चौदा मार्चला! मामूंनी जबानसुद्धा देऊन टाकली.

आणि दहा मार्चपासून माझी मॅट्रिक!!

अम्मी गेल्यावर अब्बांनी मला म्हसळ्याहून दुबईला मामूंकडे कशाला पाठवलं? बांगड्या भरायला? तिथे मुलींना सातवीच्या पुढे शाळा नव्हती म्हणून पाठवलं. बोटीत ओकत ओकत आले मी. मॅट्रिक, मग मुंबईला ट्रेनिंग कॉलेज, मग मास्तरीण. हे ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

२२ फेब्रुवारी

मामींना म्हटलं, परीक्षा आहे. म्हणाल्या, "परीक्षा काय, दरसाल येते. असं स्थळ दरसाल येतं का?"

मी काही बोलायच्या आत कुकरच्या शिट्टीच्या नावाने आत गेल्या. कुकर लावलेलाच नव्हता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक नवीनच गंमत. मामूंच्या दुकानात जपानी जॉर्जेट आणि ट्रान्झिस्टर येतात ते ओकामोतो साहेबांच्या कंपनीतून. त्यांच्या मिसेस आधी मुंबईत राहिल्यात, मोडकंतोडकं हिंदी बोलतात. तीन मार्चला त्यांच्यात मुलींचा सण असतो — बाहुल्या मांडतात, गोडधोड करतात. त्यांची स्वतःची मुलगी तिकडे कोबेला, इथे घरात मुलगी नाही, म्हणून मामूंना म्हणाल्या, तुमच्या मुली पाठवा.

मामी उखडल्या. "पुतळ्यांचा सण? तौबा तौबा! मुसलमानाच्या पोरी तिथे जाऊन काय करणार?"

मामू म्हणाले, "अगं, पूजा नाही करत, नुसत्या मांडतात. आणि मी नाही कसं म्हणू? पुढच्या सीझनच्या ऑर्डरचा सवाल आहे."

खलास! मामू 'ऑर्डर' म्हणाले की मामी गप्प.

एक दुपार अभ्यासाची जाणार. जाऊ दे. या घरात बसले तर कुणीतरी येऊन पायाचं पण माप घेईल.

२७ फेब्रुवारी

बकरी ईद. मैमुनाबी आल्या होत्या. माझे दात सोडून सगळं तपासलं. दात मीच दाखवले नाहीत.

३ मार्च, सोमवार

जाऊन आलो. पेन हातात धरवत नाही इतकं लिहायचंय.

दुपारी मामूंनी आम्हाला अब्र्याने, म्हणजे इथल्या छोट्या नावेने, खाडीपलीकडे नेलं. नाववाला "यल्ला, यल्ला" करत अजून माणसं कोंबत होता. जहांआराने माझा हात घट्ट धरून ठेवलेला. सतरा वर्षांची घोडी, जन्मापासून इथे राहते, तरी पाण्याला भिते! "डोन्ट लाफ, बिलू," म्हणाली. मी हसलेच.

ओकामोतोबाई दारात उभ्या, किमोनो घालून. एवढ्या धुळीत रेशमी किमोनो! अर्ध्या कमरेत वाकल्या. आम्हीही वाकलो, मग त्या परत वाकल्या, मग आम्ही. मामू म्हणाले, "बस करा आता," आणि साहेबांबरोबर बाहेर बसायला गेले.

खोलीत लाल कापड अंथरलेल्या दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर राजा आणि राणी. बस्स, दोनच बाहुल्या. कोबेला अख्खा दरबार आहे म्हणाल्या, बॅगेत एवढंच मावलं. राणीच्या अंगावर किती कपडे, एकावर एक, गळ्याशी सगळ्यांच्या कडा दिसतात. चेहरा मात्र — ना हसू ना रडू. मला वाटलं, हिलाही कुणी विचारलं नसणार. लाल कापड एका कोपऱ्यात सरकलं होतं. खाली मामूंच्या दुकानात येतात तीच ट्रान्झिस्टरची खोकी! तिकडे या दिवसांत पीचला फुलं येतात म्हणे. इथे कुठला पीच? बाईंनी बाभळीसारख्या काटेरी फांदीला गुलाबी कागदाची फुलं चिकटवली होती. बोटांना काट्याचे ओरखडे होते त्यांच्या.

आणखी दोन जपानी बायका होत्या, त्यांना हिंदी येत नव्हतं, त्या नुसत्या हसून आमच्या ताटलीत वाढत होत्या. पांढरं, घट्टसर काहीतरी प्यायला दिलं. मी कप खाली ठेवला. ओकामोतोबाई लगेच म्हणाल्या, "शराब नहीं! तुम्हारे वास्ते दूसरा बनाया. चावल, शक्कर." प्यायले. बरं होतं. गुलाबी-पांढरी-हिरवी वडी तांदळाचीच, सांदणाच्या पिठाची बहीण, पण टाळूला चिकटली ती चिकटलीच. आणि सूप काय असावं? तिसऱ्या! चक्क तिसऱ्या, शिंपल्यासकट! पण नुसत्या पाण्यात. ना वाटण, ना आमसूल. जहांआरा कानात म्हणाली, "मसाला विसरल्या वाटतं." बिचाऱ्यांनी एवढ्या मायेने केलेलं, मी दोन वाट्या संपवल्या.

मग बाई म्हणाल्या, "कल सुबह सब अंदर. बक्से में."

मी विचारलं, एवढी घाई कशाला? इतकं छान मांडलंय, राहू दे ना आठवडाभर.

"नहीं, नहीं! गुडिया बाहर रहा तो लडकी का शादी लेट होता."

मी ताठ बसले. "कितना लेट?"

"जितना ज्यादा बाहर, उतना ज्यादा लेट."

"और कोई जानबूझकर नहीं उठाया तो?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडावर हात ठेवून हसल्या, त्या दोघींना जपानीत सांगितलं, त्याही हसल्या. जहांआरा लाजून लाल. मी नाही लाजले. मला उत्तर हवं होतं!

बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मेरा बेटी, युको. डाक्टरी पढता. उसका पापा शादी बोला. उस साल मैं गुडिया दो महिना नहीं उठाया."

"भूल गयीं?"

"नहीं," म्हणाल्या, आणि चहा ओतायला लागल्या.

किती आवडली मला ही बाई! किती आवडली!

निघताना आम्हा दोघींना एकेक कागदी बाहुली दिली. स्वतः घडी घालून केलेली, बोटाएवढी. मामूंनी ती बघितली आणि म्हणाले, "मामींना दाखवू नका." मी दाखवणार.

४ मार्च

जहांआराने आपली बाहुली सकाळीच ट्रंकेत टाकली. मामींनी फक्त डोळे वटारले, तेवढ्यावर! माझी मी अभ्यासाच्या फळीवर उभी केली, भूमितीच्या पुस्तकाला टेकवून.

"उचल ती. घरात पुतळ्या असल्या की फरिश्ते येत नाहीत."

म्हटलं, "मामी, बिस्किटाच्या डब्यावर राणी आहे. पावडरच्या डब्यावर बाई आहे. त्या दिसल्या तर फरिश्त्यांना चालतं?"

"जबान बघा पोरीची! सासरी दोन दिवस टिकायची नाही."

"म्हणूनच जात नाही."

तोंडातून निघून गेलं. मामींनी हातातलं फडकं आपटलं. बाहुलीला मात्र हात लावला नाही. भीती वाटली असणार, जपानी आहे, काय माहीत.

५ मार्च

बाहुली जागेवर आहे. मी पण.

६ मार्च, गुरुवार

उद्या मैमुनाबी लियाकतला घेऊन येणार. बाकीची बोलणी करायला. मामूंनी बोकड सांगितलाय.

दिवसभर त्या बाहुलीकडे बघत बसले आणि स्वतःचाच राग आला. कागद तो! तो काय मामूंना सांगणार आहे? ओकामोतोबाईंनी तरी नुसत्या बाहुल्या बाहेर ठेवल्या असतील का? नवऱ्याशी भांडल्या असणारच, ते आम्हाला सांगितलं नाही एवढंच. तोंड उघडल्याशिवाय काही व्हायचं नाही. उद्या मी सांगणार. सगळ्यांसमोर. मामूंनी घराबाहेर काढलं तर काढोत, अब्बांकडे परत जाईन. पण पेपर देऊन!

जहांआराला सांगितलं. तीही मॅट्रिकलाच, एक अवघड गणित सोडवत होती. माझ्याआधी सुटतं तिला, नेहमीच. मान वर न करता म्हणाली, "यू आर ब्रेव्ह, बिलू. बोल तू. तुला जमतं."

७ मार्च, शुक्रवार

बोलले!!

सरबताचा ट्रे घेऊन गेले. दिवाणखान्यात मामू, मामी, मैमुनाबी आणि तो. लियाकत वाईट नाही दिसायला, उगाच खोटं कशाला लिहू. ट्रे खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि म्हटलं, "माझी मॅट्रिक सोमवारपासून आहे. मी परीक्षा देणार. मग ट्रेनिंगला जाणार, दोन वर्षं. त्याच्या आधी मी निकाह करणार नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा."

मामी: "हाय अल्ला!"

लियाकत हळूच म्हणाला, "मला परत सुट्टी कधी मिळेल सांगता येत नाही." मला नाही, चटईला.

मैमुनाबी उठल्याच, मामूंना म्हणाल्या, "रफिकभाई, आम्ही कार्डं छापायला टाकली. मुलखात सगळ्यांना कळवलं. आता आमच्या तोंडाला काळं फासायला बोलावलंत का?"

मामूंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मारतील वाटलं. मारलं नाही. पाहुणे बोकड न खाताच गेले. मग मामू म्हणाले, "जा. अभ्यास कर."

जा अभ्यास कर! बस्स, एवढंच तर मला हवं होतं! आत जाऊन जहांआराला मिठी मारली, दोघी पलंगावर कोसळलो. ती हसत होती आणि रडत होती. म्हणाली, "आपण दोघी एकाच कॉलेजात जायचं हं." जायचं! बोकडाची मांडी आम्हीच संपवली.

८ मार्च

मामू-मामी सकाळीच टॅक्सीने उम्म अल कुवैनला गेले. माफी मागायला असणार. मागोत. दिवसभर घर आमचं. जहांआराने मला अलजेब्रा शिकवला, मी तिला मराठी निबंध. मी पहिल्या वर्गात येणार. ती माझ्याही पुढे.

९ मार्च, रविवार

मामूंनी जबान राखली. निकाह चौदालाच आहे. लियाकतचा. जहांआराशी.

उद्यापासून निकाहपर्यंत तिला घराबाहेर सोडणार नाहीत, म्हणजे तिचे पेपर गेले. मामींनी सांगितलं, तिने मान डोलावली आणि तांदूळ निवडत राहिली. मी तिला गदागदा हलवलं. "अगं, नाही म्हण ना!"

म्हणाली, "तू तुझ्यापुरतं नाही म्हणालीस, बिलू. माझं काय होईल, हे आलं होतं मनात?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं.

"मला तुझ्यासारखं बोलता येत नाही गं."

मला येतं. मामू दुकानातून यायचे आहेत. मी दारात बसून आहे.