दोन्ही हात वर झाल्यामुळे मिटलेल्या संगणकाबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
गटशिक्षण कार्यालय, पंचायत समिती, चिंचखाडी,
जि. रायगड.

अर्जदार : गुणाजी रामा शिगवण, अध्यक्ष, मारुती प्रासादिक भजन मंडळ, तथा पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मौजे वांगणखार.

विषय : शाळेच्या संगणकावर ओपन सोर्स, म्हणजे मुक्त, प्रणाली चालवल्याबद्दल कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत व शिक्षण सेविका श्रीमती मृणाल ठोंबरे यांची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) लेखी परवानगीशिवाय प्रणाली बदलू नये, हे आपले परिपत्रक.
२) ती परवानगी मागणारा अर्जदाराचा पहिला अर्ज, जो परत आला.
३) परवानगी नसताना प्रणाली बदलली म्हणून आपण मृणालबाईंना बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, कारणे बाईंना विचारली गेली असली तरी ती अर्जदारापाशी आहेत. सबब ती पुढे दाखवली आहेत. बाईंची नोकरी अजून कायम झालेली नाही आणि नोटिशीत सेवा समाप्तीचा उल्लेख आहे, म्हणून अर्ज थोडा लांबला तरी साहेबांनी शेवटपर्यंत वाचावा.

१. अर्जदार हा भातशेती करणारा माळकरी गृहस्थ असून कीर्तन ऐकणे हे त्याचे एकमेव व्यसन आहे. संगणकाशी त्याचा संबंध एवढाच की, त्याची नात प्राप्ती चौथीत आहे आणि ती वर्गात बोलत नाही. मुकी नाही. घरी कोंबड्यांशी तासन् तास बोलते. शाळेत मात्र हजेरीलाही नुसता हात वर करते. मृणालबाईंनी तिला गेल्या वर्षी संगणकापुढे बसवले आणि म्हणाल्या, "बोलू नकोस गं, टाइप कर." तिचा बाप निकेत आगरदांड्याच्या फेरीबोटीवर कामाला आहे. त्या बोटीबद्दल तिने पानेच्या पाने लिहिली. ते पाहून इतर मुलांनीही लिहिले. त्याचे पुस्तक करायचे ठरले. हे सर्व लिखाण त्या एकाच संगणकात होते.

२. सदर संगणकात 'ज्ञानतिजोरी' या कंपनीची प्रणाली होती. कंपनीने ती पहिल्या वर्षापुरती शाळेस भेट दिली. त्या दिवशी नारळ फुटला, भाषणे झाली, अर्जदाराच्या मंडळाने भजनही केले. दसरा झाला आणि पडद्यावर पाटी आली की, वर्ष भरले, नवी किल्ली घ्या. बाईंनी कंपनीस फोन केला. कंपनी म्हणाली, किल्ली कार्यालयामार्फत मिळेल. कार्यालय म्हणाले, कंपनीकडून मिळेल. लिखाण बाहेर काढावे तर तिजोरी किल्ली मागे, छापावे तर किल्ली मागे. आमच्या मंडळाचा पखवाजी सदू याने सगळे वहीत उतरवून घेण्याची तयारी दाखवली व एक पान उतरवलेही, परंतु सदूचे अक्षर सदूलाही लागेना. तेव्हा मंडळातलाच दादू पालकांच्या भर सभेत म्हणाला, "पोरं आपली, अक्षरं आपली, आणि चावी तिसऱ्याच्या कनवटीला. असं भाताचं कोठार कुनी बांधल का?" याचे उत्तर सभा अजून शोधते आहे. ते कार्यालयाकडे असल्यास कळवावे.

३. एक वाट मात्र उघडी होती. चालू असलेला संगणक चालूच राहत होता. परंतु थोडा वेळ माऊस हलला नाही की पडदा मिटणार, आणि एकदा मिटला की किल्लीशिवाय उघडणार नाही, असे बाईंनी सांगितले. तो वेळ वाढवून घ्यायलाही किल्लीच लागत होती. हे ऐकून शिकलेली मंडळी खाली बसली. भजनी मंडळास मात्र यात काही अवघड दिसले नाही. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून उतरायच्या आत दुसऱ्याने तो घ्यायचा, असा अखंड पहारा चालतो. त्याच धर्तीवर शाळेत माऊसचा पहारा लावण्यात आला. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून मंडळाच्या कर्ण्याची बॅटरी शाळेत नेण्यात आली.

४. पहाऱ्याचे नियम गावाने केले. चपला बाहेर. माऊस हाती घेताना एकमेकांच्या पाया पडायचे. वायर आखूड असल्याने यात डोकी आपटत, परंतु तक्रार कोणाची नव्हती. पडद्यावरचा बाण प्रदक्षिणेसारखा उजवीकडूनच फिरवायचा. दादूने तो एकदा डावीकडून फिरवला म्हणून पहाऱ्यातल्याच काशीवहिनींनी त्यास विचारले, "देवलातसुदा असाच उलटा फिरतोस काय रे?" तेव्हापासून चालू पहाऱ्यात बोलणे बंद झाले व त्या दोघांच्या पाळ्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या. पहिल्या दिवशी माऊसला बुक्का लावला, तो त्याच्या पोटाखालच्या लाल दिव्यात शिरला व बाण जागचा हलेना. बाईंनी कापूस फिरवून दिवा मोकळा केला आणि हात जोडून विनंती केली की, बुक्का मंडळींनी स्वतःच्या कपाळाला लावावा. ही विनंती मान्य झाली.

५. पहाऱ्यातून सुटण्याचा उपायही बाईंनीच सांगितला. त्यांच्या घराच्या चाव्यांना एक पेनड्राइव्ह अडकवलेला असतो. त्यात मुक्त प्रणाली आहे. ती किल्ली मागत नाही. ज्याने केली त्याने ती सर्वांपुढे उघडी ठेवली आहे. कोणीही घ्यावी, वापरावी, चूक सापडली तर सुधारावी आणि पुढच्याला द्यावी. "यात कमावतो कोन?" असे सदूने विचारले. अर्जदाराने त्यास सांगितले की, तू मंडळात इतकी वर्षे पखवाज वाजवतोस, आधी स्वतःला विचार. परंतु आपले परिपत्रक आड आले. बाई म्हणाल्या, "काका, परवानगी आल्याशिवाय मी हात लावणार नाही." म्हणून अर्जदाराने संदर्भ क्रमांक २ चा अर्ज केला. तो शेरा मारून परत आला की, अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना मागवला. तो ज्ञानतिजोरीत उघडतो. तिजोरीस किल्ली नाही, हेच तर अर्जात लिहिले होते. अर्जदाराने हा शेरा घरी देवापुढे ठेवला. देवानेही काही सुचवले नाही.

६. मग कापणी आली, झोडणी आली. शेतात माणूस मिळेना, परंतु पहारा सुटला नाही. दिवाळीत पोरे घरी आणि म्हातारी माणसे शाळेत, अशी गावाची स्थिती होती. काशीवहिनी वाल सोलायला घेऊन येत, मात्र एका हाताने वाल सोलता येत नाहीत हे त्यांना दर वेळी तेथे आल्यावरच आठवे. दरम्यान केंद्रप्रमुख साहेब अचानक तपासणीस आले. त्यांनी दारातल्या चपला पाहिल्या, आपल्याही काढल्या, संगणकास नमस्कार केला, प्रसादाचा शिरा घेतला आणि शेरेबुकात 'वातावरण भक्तिमय' असे लिहून गेले. काय चालले आहे हे त्यांनी विचारले नाही व चालू पहाऱ्यात बोलायचे नाही असा नियम असल्याने आम्ही सांगितले नाही.

७. आता मूळ प्रसंग. या महिन्यात गावचा सप्ताह बसला. म्हणजे देवळात विण्याचा पहारा आणि शाळेत माऊसचा पहारा, आणि माणसे तीच. ह.भ.प. दत्तात्रेयबुवांचे कीर्तन मिळावे म्हणून अर्जदार कैक वर्षे त्यांच्या मागे होता. यंदा तारीख मिळाली. नेमकी त्या संध्याकाळी माऊसची पाळी सदूची होती आणि सदूशिवाय पखवाजाला कोणी नाही. बुवांना पखवाजाविना उभे करणे बरे दिसले नसते. सबब अर्जदाराने मन घट्ट केले, सदूला देवळात पाठवले आणि स्वतः माऊस धरून शाळेत बसला.

देवळावरचा कर्णा शाळेच्या बाजूला तोंड करून होता. बुवांची चाल लागली. अर्जदाराचे डोळे मिटले, पण हात फिरत होता. मग गजर सुरू झाला. गजरात बुवा म्हणतात, "हात वर करा." बुवांनी हात वर करा म्हटल्यावर एकच हात वर करून दुसरा खाली ठेवणारा माणूस अर्जदाराने आजवर पाहिलेला नाही. त्याने दोन्ही हात वर केले. यात गुन्हा झाला असल्यास तो कोणत्या कलमाखाली येतो हे कळवावे. गजर संपला, अर्जदाराने डोळे उघडले, तर पडदा काळा आणि त्यावर कुलपाचे चित्र.

८. अर्जदाराच्या हाका ऐकून मृणालबाई मंडपातून धावत आल्या. त्यांच्यामागून प्राप्ती आली. तिने कुलपाकडे पाहिले, मग आजोबाकडे पाहिले. रडली नाही, बोललीही नाही. हाताने कळफलकावरची धूळ तेवढी पुसली. बाई चाव्यांचा जुडगा मुठीत धरून म्हणाल्या, "काका, आता काय करायचं? परवानगीची वाट बघायची?" अर्जदार म्हणाला, "लाव, बाय. साहेबांना मी सांगतो." म्हणजे आदेश तोंडी असला तरी तो अर्जदाराने दिला आहे, हे नोंद व्हावे. पेनड्राइव्ह लागला. संगणक थोडा कुरकुरला आणि दुसऱ्याच रंगाने उजाडला. कोपऱ्यात एक पेंग्विन पक्षी होता, ती या प्रणालीची खूण. बाईंनी संगणकातली साठवण कपाट उघडावे तशी उघडली, आणि सगळ्या मुलांचे लिखाण जसेच्या तसे आत होते. कोणी किल्ली मागितली नाही, नाव विचारले नाही, एक दाबा दोन दाबा म्हटले नाही. त्याच संध्याकाळी प्राप्तीची पाने छापून निघाली. अर्जदार ती घेऊन अनवाणीच देवळात गेला, कारण चपला कोठे काढल्या होत्या हे त्यास आठवेना.

९. बुवांचा मुक्काम अर्जदाराच्या घरीच होता. त्यांनी ती पाने वाचली, आणि दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात त्यातला प्रसंग दृष्टान्त म्हणून घेतला. एक बैल फेरीबोटीवर चढेना. खलाशाने त्यास ओढले नाही, मारले नाही. स्वतः उलटा चालत बोटीत शिरला, आणि बैल त्याच्या तोंडाकडे बघत बघत चढला. बुवांनी त्यात बोटीला नाम केले, खलाशाला सद्गुरू केले, मूळ लिखाणात नसलेले वादळही घातले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "बुवा, बैल न्हाय. रेडा."

ती प्राप्ती होती. भर मंडपात उभी होती. टाळ थांबले. बुवांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो, माऊली. रेडा. अजून काही?"

"वादल नव्हतं. ऊन होतं. बाबाची पावलं भाजत होती."

"वादळ राहू दे का?" बुवांनी विचारले.

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तुमच्यात राहू द्या. माझ्यात नको."

निकेत मागे खांबापाशी उभा होता. तो बाहेर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. शेवटच्या दिवशी बुवांनी दृष्टान्त पुन्हा सांगितला, त्यात रेडा होता, आणि रेड्याने तो जास्त रंगतो असे मत त्यांनी जाहीर केले. पुढच्या गावीही तो तसाच सांगणार आहेत. प्राप्तीकडे त्यांनी किल्ली मागितली नाही, तिनेही वर्षाची मुदत घातली नाही. मृणालबाई यास ओपन सोर्स म्हणतात. आमच्याकडे ते देवळात पूर्वीपासून चालते, फक्त त्यास परवानगी लागते हे आम्हांस नोटीस आल्यावर समजले.

१०. नोटीस कशी आली, तेही सांगणे भाग आहे. अर्जदाराने आनंदाच्या भरात केंद्रप्रमुख साहेबांना पेढे दिले आणि सर्व हकीकत रंगवून सांगितली. त्यांनी पेढे ठेवून घेतले व हकीकत वर पाठवली. बाईंनी कोणापासून काही लपवले नाही. प्राप्तीने सोमवारी हजेरीला "हजर" म्हटले, तेव्हा बाईंनी तिचे नाव दोनदा घेतले. पहिल्यांदा खरे वाटले नाही म्हणून. असे काम करणाऱ्या बाईंना घालवून ज्ञानतिजोरीची पाटी राखणे शाळेच्या हिताचे नाही, हे अर्जदार अधिक कठोर शब्दांत लिहिणार होता, परंतु गळ्यात माळ आहे.

तरी साहेबांनी कृपावंत होऊन,
(अ) सदर मुक्त प्रणालीस, ती लावली त्या संध्याकाळपासून, कार्योत्तर मंजुरी द्यावी;
(आ) मृणालबाईंची नोटीस मागे घ्यावी, आणि कोणास तरी ती देणे आवश्यकच असल्यास अर्जदाराच्या नावे काढावी. त्याची कोणतीही सेवा समाप्त करता येत नाही;
(इ) सदूस एक पत्र द्यावे की, पहारा आता संपला आहे. तो अजून आपल्या पाळीला येतो, चपला काढतो आणि माऊस धरून बसतो. सांगितले तर म्हणतो, "लेखी दाखवा."

हा अर्ज त्याच मुक्त प्रणालीत टंकलेला आहे. तो विहित नमुन्यात नाही म्हणून परत पाठवायचा झाल्यास आधी वाचावा लागेल, आणि वाचल्यावर साहेब तो परत पाठवतील असे अर्जदारास वाटत नाही. मजकूर अर्जदाराने सांगितला, टंकन कु. प्राप्ती हिने केले. तिने वाचून दाखवताना दोन जागी अर्जदारास थांबवले. एका जागी त्याने सवयीने बैल सांगितला होता. दुसऱ्या जागी, पडदा मिटला तेव्हा प्राप्ती खूप रडली, असे सांगितले होते. ती म्हणाली, "मी रडले न्हवते, आजोबा. तू रडत होतास." पहिली दुरुस्ती केली आहे. दुसरी अर्धी केली आहे.

साहेबांच्या मंजुरीकडे डोळे व बुवांच्या पुढच्या तारखेकडे कान लावून बसलेला,

नम्र,
गुणाजी रामा शिगवण
(सही)

मौजे वांगणखार, दि. १९ डिसेंबर २०२४

सोबत :
१) कु. प्राप्ती हिचे लिखाण, रेड्यासह.
२) पेनड्राइव्हची एक प्रत. कार्यालयातील संगणकही मिटत असल्यास लावून पाहावी. परत करण्याची गरज नाही, पुढच्या कार्यालयास द्यावी.
३) सप्ताहाचा प्रसाद.
४) पहाऱ्याचा माऊस, पुरावा म्हणून. हा मात्र लवकर परत पाठवावा. सदू शाळेत हात पुढे करून बसला आहे.