बेडकाचा डोळा आणि तारऑफिसचा काटा

३ ऑगस्ट १८६७, अमरावती
आजपासून विज्ञान. विलायती मासिकात वाचलं: बेडकाच्या डोळ्यावर उजेड पाडला की त्यात वीज उठते आणि यंत्राचा काटा हलतो. काट्याचं यंत्र माझ्या तारऑफिसात, बेडूक नाल्यात. मुंबईला प्रमोशन नक्की.

५ ऑगस्ट
यंत्र घरी आणलं. डोळा काढला. दोन ओल्या वाती, दोन तारा, समईचा उजेड. काटा ढिम्म. बेडूकच आळशी. कापसाचा भाव उतरल्यापासून या गावात कशातच जोम नाही.

८ ऑगस्ट
सातवा बेडूक. ढिम्म. आठवा पिण्याच्या रांजणात सापडला, म्हणून बायको भडकली. म्हणाली, या घरात एक तं बेडूक राहीन नाई तं मी. गेली मूर्तिजापूरला, बापाकडे. सत्यभामेला धीरच नाही. मंगळवारपर्यंत येईल.

१३ ऑगस्ट, मंगळवार
आली नाही. वरण करपलं.

१९ ऑगस्ट
हलला! समईतच दम नव्हता. बडनेऱ्याच्या गार्डाचा लोखंडी कंदील मागून आणला. जवळ नेला की काटा वळतो, दूर नेला की परत. मोठ्या साहेबांना आमंत्रण. सासऱ्यांना निरोप: मुलीला घेऊन या, जावई काय चीज आहे ते बघा.

२५ ऑगस्ट, सकाळ
सासरे खुशालराव आले. सत्यभामाही. आल्या आल्या तिने रांजण घासून भरला, म्हणजे राहणार. सासरे म्हणाले, पोरगी राहाले तयार हाये, तिच्याशी दोन शब्द गोड बोला. म्हटलं, एक्सपिरिमेंट झाल्यावर.

संध्याकाळ
कंदील नेला, काटा हलला. टाळ्या. मग साहेबांनी कंदील विझवायला लावला आणि तसाच जवळ नेला. हलला. डोळा काढून टाकला. तरी हलला. म्हणाले, काटा लोहचुंबकाचा, लोखंड आलं की वळणारच. हे मला ठाऊक होतंच.

खुशालराव म्हणाले, मंग बेडकं काहून मारून राह्यले होते जवाईबुवा?

मी साहेबांना समजावत राहिलो. यंत्र जुनं, हवा दमट, बेडूक खेड्यातला. साहेब कधी टोपी घालून निघाले, कळलं नाही. मागे वळलो तर सासऱ्यांची बैलगाडीही नाही, सत्यभामाही नाही.

घर खायला उठलं आहे. शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या, ते कवाची दारात उभी होती, तुमी पाह्यलंच नाई.