बांधकाम माझ्या देखरेखीखाली

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून घर.
कित्येक वर्षं प्लॉट नुसता पडून आहे. गवताशिवाय त्याच्यावर काही उगवलं नाही. शेवटी आज हिच्यासमोर कागद पसरला आणि प्लॅन काढला. खाली हॉल, किचन आणि हिची शिवणाची खोली. वर दोन बेडरूम, माझी स्टडी, स्टडीला बाल्कनी. बाल्कनीत वेताची खुर्ची.
शिवणाची खोली हिची एकमेव मागणी. भाड्याच्या या घरात हिची दोन्ही मशीनं पलंगाला चिकटून आहेत. माप द्यायला बायका आल्या की मला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं. परवा एका बाईंचं माप इतका वेळ चाललं की मी अख्खा पेपर वाचला, निविदा सूचनांसकट.
हिचा भाऊ म्हणाला, भावोजी, सरळ तयार फ्लॅट घ्या, बांधकामाच्या फंदात पडू नका, भाव रोज वाढतायत. मी फक्त हसलो. पंपाच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो मी. वॉशरच्या भावात घासाघीस करून भलेभले रडवले आहेत.
संकल्प: बजेटच्या बाहेर एक पैसा नाही. मजुरांवर ओरडायचं नाही. देखरेख स्वतः.

९ जानेवारी
कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. अनुभवी माणूस. कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, झालंच समजा. पाया? झालाच समजा. घर सहा महिन्यांत? झालंच समजा. मनातल्या मनात त्याचं नाव 'समजा' ठेवलं.
हिने विचारलं, देखरेखीला एखादा इंजिनिअर नको का? मी म्हटलं, नकाशा मंजूर करण्यापुरती इंजिनिअरची सही घेतली आहे, पुढे मी आहे ना. हे ऐकून समजा इतका खूष झाला की खुर्चीवरून उठून त्याने माझा हात हातात घेतला. माणूस ओळखता येतो त्याला.

२ फेब्रुवारी
पाया खणताना खाली काळा दगड लागला. समजा म्हणाला, साहेब, नशीबवान आहात, दगडावरचं घर हलत नाही. फोडायचे पैसे मात्र वेगळे.
बजेटमधला 'किरकोळ' हा रकाना आजच संपला. हरकत नाही. पाया एकदाच असतो.

२० फेब्रुवारी
सिमेंट भडकलं. गेल्या महिन्यात एक भाव, आज दुसराच. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात विचारूच नका.
खरेदी विभागाचा माणूस अशा वेळी काय करतो? सगळ्या घराचं सिमेंट एकदम उचललं. साईटवर शेड नाही म्हणून सगळी पोती भाड्याच्या घरात आणून रचली. पॅसेजमध्ये, गॅलरीत, पलंगाखाली. हिने कापून ठेवलेलं पांढरं कापड झटकून पुन्हा झटकलं.
एक फायदा झाला. माप द्यायला येणाऱ्या बायकांना बसायला जागा झाली.

२७ फेब्रुवारी
सिमेंट उतरलं. पेपरात पहिल्या पानावर.
आज पेपर आलाच नाही, असं हिला सांगितलं.

१८ एप्रिल
जोत्यापर्यंत काम आलं. 'सहा महिन्यांत' हे कधीपासून मोजायचं, यावर समजाशी चर्चा झाली. त्याच्या मते जोत्यापासून.
सळईचा भाव ऐकून खाली बसलो. बाल्कनी रद्द. विचार केला तर बाल्कनीत धूळच येते. वेताची खुर्ची स्टडीतही ठेवता येईल.
संध्याकाळी हिने काहीतरी सांगितलं, हॉस्पिटल वगैरे. मी सळईचा हिशेब करत होतो. हो म्हटलं.

६ मे, सकाळी ७
साईटवर मी एकटा. समजाला फोन केला. म्हणाला, रस्त्यातच आहे समजा. समजलो.
गवंडी नाही, मजूर नाही. मग भिंतींना मीच पाणी मारलं. सिमेंटचं काम पाण्यानेच पक्कं होतं, हे इथे माझ्याशिवाय कुणालाच पटलेलं दिसत नाही. पाइप हातातून सुटला. ऑफिसचे बूट, पॅंट, डबा, सगळं भिजलं. साहेबांनी विचारलं, पोहून आलात का?
ओरडायचं नाही हा संकल्प अजून शाबूत आहे. ओरडायला समोर कुणी आलं तर मोडेल.

११ जून
खालच्या मजल्यावरचा स्लॅब ओतून झाला! मी स्वतः खाली उभा राहून सूचना दिल्या. मिक्सरच्या आवाजात कुणाला ऐकू आल्या नसाव्यात, पण दिल्या.
वीट, वाळू, खडी, मजुरी. यांची आपसात पैज लागली आहे. संध्याकाळी ही आणि मी आकडे घेऊन बसलो. शेवटी वरचा मजला 'दुसऱ्या टप्प्यात' घ्यायचं ठरलं. 'रद्द' हा शब्द मी वापरू दिला नाही.
जिना मात्र स्लॅबबरोबर झालेला आहे. डिझाइन माझं. थोडा चढा आहे आणि वळणावर डोकं आपटतं, पण जिना आहे. वर जातो आणि उघड्या गच्चीत संपतो. हिचा भाऊ आला होता, जिन्याकडे बघून तोंडावर रुमाल धरला. धुळीची ॲलर्जी असेल.

१६ जून
आता हॉल, किचन, बेडरूम, शिवणाची खोली आणि स्टडी, सगळं खालीच बसवायचं. साध्या डोक्याचा माणूस इथे हरला असता. मी गवंड्याला बाजूला घेऊन शिवणाच्या खोलीची भिंत जराशी आत सरकवायला सांगितली. पलीकडे माझी स्टडी झाली. अरुंद आहे, पण विचार करायला रुंदी कशाला लागते?
गवंडी म्हणाला, बाईंना विचारलं का? म्हटलं, विचारायचं काय त्यात. हिला मुद्दाम सांगितलं नाही. लग्नसराईचे ब्लाउज चालू आहेत, कशाला डोक्याला ताप.

२८ जून
पॅसेजमधलं सिमेंट काढायला गेलो तर पोतं वाकेना. कोपऱ्यावर हातोडी मारली, ठणकन आवाज आला. बाथरूमच्या भिंतीच्या ओलीने खालच्या सगळ्या पोत्यांचे दगड झाले आहेत. पोत्याच्या आकाराचे, शिवणीसकट.
समजाने विचारलं, साहेब, हे कुणी भरून ठेवलं होतं? मी म्हटलं, वापरायचं की नाही ते सांगा. नाही म्हणाला. नवीन मागवलं. आजचा भाव लिहीत नाही.

२० जुलै
मोठं काम फत्ते. दारांचे भाव ऐकून लोक परत फिरतात, मी मार्ग काढला. एक जुनं ऑफिस पाडत होते, त्याच्या लिलावात सगळी दारं एकगठ्ठा मिळाली. अस्सल लाकूड. वरच्या अर्ध्या भागात काच.
दारं भाड्याच्या घरी उतरवल्यावर लक्षात आलं की काचांवर अक्षरं आहेत. बेडरूमला लावायच्या दारावर 'चौकशी'. बाथरूमच्या दारावर 'कृपया रांगेत उभे राहा'. ॲसिडने कोरलेली असल्यामुळे निघत नाहीत. ही बराच वेळ बाथरूमच्या दाराकडे बघत राहिली. मग विचारलं, आतलं बाहेर दिसतं का? म्हटलं, धुरकट दिसतं.
पडदा लावणार म्हणाली. आणखी एक खर्च. तिच्याकडून.

९ ऑगस्ट
वाईट दिवस.
ही न सांगता साईटवर आली. गळ्यात नेहमीची टेप. शिवणाच्या खोलीत गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप लावली, परत लावली. मग गवंड्याला दुसरं टोक धरायला सांगून तिसऱ्यांदा लावली. म्हणाली, इथे कटिंगचं टेबल बसत नाही. मी म्हटलं, छोटं टेबल घेऊ. ती म्हणाली, कापड छोटं होत नाही.
गवंड्याने माझ्याकडे बघितलं. तिने गवंड्याकडे. मग पलीकडे जाऊन स्टडी बघितली. वेताची खुर्ची तिथे आणूनच ठेवली होती मी, नेमकी.
माझी अपेक्षा होती की ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, ब्लाउज घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो हो. भिंत कशी उसवायची?
टेप गुंडाळायला लागली. दोनदा हातातून सुटली. मी उचलून दिली तर घेतली नाही, गवंड्याच्या हातातून घेतली.

१० ऑगस्ट
घरात शांतता. हिशेबाला बरी असते.
संध्याकाळी तिचा भाऊ फोनवर म्हणाला, भावोजी, हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेसच्या गणवेशांची ऑर्डर घेतलीय तिने, नवीन खोलीच्या भरवशावर. दोन बायका मदतीला ठेवणार आहे. तुम्हाला माहीत नाही?
मी म्हटलं, माहीत आहे.
मग हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, एप्रिलमध्ये सांगितलं. तुम्ही हो म्हणालात. आगाऊ पैसे आले ते सळईला गेले, तेव्हा कुठून आले हेसुद्धा विचारलं नाहीत.
यावर मी जेवायला बसलो.

१४ ऑगस्ट
भिंत पाडली. मीच सांगितलं. समजा म्हणाला, बांधायचे वेगळे, पाडायचे वेगळे, राडारोडा उचलायचे वेगळे. घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
स्टडी गेली. लोकांना सांगताना मी याला त्याग म्हणणार होतो, पण ही समोर होती.

५ सप्टेंबर
घरमालक आले. त्यांची लेक परत राहायला येतेय, महिनाअखेर घर रिकामं करा म्हणाले. मी म्हटलं, अहो, तारखेचं जरा बघा की. बऱ्याच वाटाघाटी केल्या. मी जुने करार काढले, नियम सांगितले, आवाज थोडा चढवला. ते म्हणाले, बरं झालं आठवण केलीत, करारात रंग लावून द्यायचंही आहे. तर शेवटी पंचवीस तारखेवर तडजोड झाली.
ही म्हणाली, महिनाअखेरच बरी होती.

२५ सप्टेंबर
गृहप्रवेश. म्हणजे आम्ही आत आलो.
बाहेरून प्लास्टर नाही. हॉलच्या खिडक्यांना प्लॅस्टिक, वारा आला की फडफडतं. दाराशी वाळूचा ढीग, त्याच्यावर कुत्री. वीज फक्त शिवणाच्या खोलीत आणि किचनमध्ये, कारण इलेक्ट्रिशियनशी बोलणी हिने केली. कुठे कुठला प्लग हवा हे तिने आधीच भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. एका दिवसात काम करून गेला. मी ठरवलेला प्लंबर पंधरवडाभर 'निघालोच' आहे.
टेबल मात्र बसलं. ही टेबलाच्या चारी बाजूंनी एकदा फिरली. माझ्याशी बोलली नाही, पण चहा दोन कप केला.

१२ ऑक्टोबर
समजा गायब. दुसरीकडे मोठ्या बिल्डिंगचं काम मिळालंय म्हणे. फोन बंद. आज शेवटी संकल्प मोडून मनसोक्त ओरडलो, पण बंद फोनवर.
ही गवंड्याशी थेट बोलली. गणवेशाचे पैसे येतील तसं एकेक काम करून घ्यायचं. आधी खिडक्या, मग बाहेरचं प्लास्टर. गवंडी रोज सकाळी आधी तिच्या खोलीच्या दारात जातो, मग कामाला लागतो. मी दिलेल्या सूचना तो पूर्ण ऐकून घेतो आणि मग म्हणतो, बाईंना विचारतो.
मी या व्यवस्थेला नंतर परवानगी दिली.

२७ ऑक्टोबर
घर योग्य हातात आहे, असं आज ऑफिसात सांगितलं. देखरेख अर्थात माझी. दर रविवारी दिवसभर साईटवर असतो. राहतोच तिथे.
वाळू चोरीला जातेय असा संशय. आता रविवारी बाहेर खुर्ची टाकून बसणार. कुत्र्यांसाठी काठी आणली.

३० ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून वाळूजवळ बसलो होतो. जुनी पॅंट, डोक्याला टोपी, हातात काठी. आत हिची दोन्ही आणि मदतीच्या बायकांसाठी घेतलेलं तिसरं, अशी तिन्ही मशीनं चालू. गणवेशाचा पहिला गठ्ठा उद्या जायचाय. एक कुत्रं हाकललं. एका माणसाने घर कुणाचं विचारलं, त्याला सविस्तर माहिती देत होतो तर बस आली म्हणून तो पळाला.
दुपारी कुरिअरवाला आला. हेल्मेट न काढताच म्हणाला, काका, मालक आहेत का? 'मीच' म्हणायला तोंड उघडलं, तर त्याचं चालूच. म्हणाला, ही असली अर्धवट घरं सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, उन्हातान्हात बसायचं. पगार तरी वेळेवर देतात का?
म्हटलं, मॅडम चांगल्या आहेत.
म्हणाला, मग टिकून राहा.
पाकीट बँकेचं होतं. घरकर्जाचं. दोघांच्या नावाचं, त्यात पहिलं माझं. मी सहीसाठी हात पुढे केला. त्याने पाकीट मागे घेतलं. म्हणाला, वॉचमनची सही चालत नाही काका, मॅडमना बोलवा.
बोलावलं.